डोंबिवली ते बीकेसी, सकाळची वेळ: गाडी काढू की लोकलच बरी?

आंबेमोहोर (सोमवार, सकाळी ११:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

कोविडपासून घरूनच काम चालू होतं. आता ऑफिसने फतवा काढलाय की पुढच्या महिन्यापासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी. ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), वेळ साडेनऊची. घर डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या बाजूला. स्टेशन गाठायला रिक्षाने पंधरा मिनिटं, तीही रिक्षा मिळाली तर. गेल्या दसऱ्याला गाडी घेतली, ती सोसायटीत धूळ खात उभी आहे.

कॉलेजात असताना लोकलने जायचो. वय वीस होतं, दारात लटकण्यात शौर्य वाटायचं. आता बेचाळीस. परवा सहज पाहायला म्हणून सकाळी आठ वाजता फलाटावर गेलो, तीन गाड्या सोडल्या आणि घरी परत आलो.

बायको म्हणते गाडी काढ. वडील म्हणतात, "वेडा आहेस का, लोकलने जा." रोज जाणाऱ्यांनी सांगावं. वेळ, पैसे, पाठ, डोकं, सगळं धरून.

तिसरा डबा (सोमवार, दुपारी १२:०५)

वडिलांचं ऐका. धागा बंद करायला हरकत नाही.

काटई नाका (सोमवार, दुपारी १२:५०)

तिसरा डबा, थांबा जरा. मी गेली सहा वर्षं गाडीने मुलुंडला जातो, म्हणून रस्त्याचं सांगतो.

मानपाड्याहून तुम्हाला दोन वाटा. पहिली: कल्याण-शीळ रस्त्याने काटई, पलावा, शीळफाटा, मग महापे, ठाणे-बेलापूर रोड, ऐरोली पूल आणि मुलुंडला पूर्व द्रुतगती महामार्ग. पुढे घाटकोपर, आणि चुनाभट्टीवरून बीकेसी कनेक्टर. दुसरी: पश्चिमेला जाऊन मोठागाव-माणकोली पूल, तिथून नाशिक हायवे, खारेगाव, साकेत, माजिवडा, कोपरी. माणकोलीचा पूल २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. सुटलो ते माणकोलीपर्यंतच. पुढे भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर आणि आपण एकाच साकेत पुलावर. शिवाय तुम्ही पूर्वेला, म्हणजे आधी रूळ ओलांडून पश्चिमेला जायचं. त्यातच वीस मिनिटं जातात.

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल गेला. नाक्यावरची रांग गेली हे खरं. पण ती रांग आता पाचशे मीटर पुढे लागते एवढंच.

आता खरी गोष्ट. मी घरातून सव्वासहाला निघतो. पोहोचतो सातच्या आत. ऑफिसच्या खालीच टपरीवर चहा, पेपर, थोडं चालणं. तोच मी एकदा पावणेआठला निघालो तर शीळफाट्यालाच पावणेनऊ झाले होते. तेव्हा तुमचा प्रश्न गाडी की लोकल हा नाहीच, तुम्ही किती वाजता उठू शकता हा आहे.

पावशेर (सोमवार, दुपारी ३:२०)

पैशांचं मी बोलतो, तो आपला प्रांत.

जाऊन येऊन साधारण ८० ते ८५ किलोमीटर. कंपनी ब्रोशरमध्ये काहीही लिहो, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणारी पेट्रोल गाडी लिटरला बाराच्या वर देत नाही. म्हणजे रोजचे सात लिटर. मुंबईत पेट्रोल १०३ च्या पुढेच आहे, तर दिवसाला सातशेच्या वर. बावीस दिवसांचे सोळा हजार. यात पार्किंग नाही, क्लच प्लेट नाही, टायर नाही, आणि बंपरला रिक्षावाल्याने दिलेलं प्रेम नाही.

डोंबिवली-कुर्ला फर्स्ट क्लासचा महिन्याचा पास यातल्या दोन दिवसांच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो. सेकंडच्या पासाचं तर विचारूच नका, तेवढ्यात दोघांचा वडापाव-चहा होतो फार तर चारदा.

खिडकीपाशी (सोमवार, रात्री ९:१५)

पावशेर, हिशेब बरोबर आहे पण फर्स्ट म्हणजे गादीवर बसून जाणं असा कोणाचा समज नको. सकाळी फर्स्टमध्ये गर्दी तेवढीच असते, फरक इतकाच की धक्का देणारा आधी "एक्स्क्यूज मी" म्हणतो.

मी अठरा वर्षं डोंबिवली-दादर करतेय, लेडीज डब्यातून. आमच्या डब्यात काय नाही? मटार सोलून होतात, मुलांचे प्रोजेक्ट होतात, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं आणि पेढे वाटले जातात. मागच्या वर्षी मला ताप होता तर ग्रुपमधल्या एकीने कुर्ल्यापासून दादरपर्यंत माझा हात सोडला नाही. तेच तोंड उद्या चौथ्या सीटवरून भांडेल, हेही खरं. "कुठे उतरणार?" विचारून सीट आधीच बांधून ठेवायची आणि मग मुलुंडलाच नंबर लागलेली दुसरी कोणी निघाली की महाभारत.

पण आंबेमोहोर, मला तुम्हाला घाबरवायचं नाही तरी सांगते. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्य्राच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली, काही जण गेले. त्या दिवशी मी मागच्याच गाडीत होते. आम्हाला आत काहीच कळलं नाही, नुसती गाडी थांबली म्हणून सगळ्या वैतागल्या होत्या. "आज पण लेट मार्क." तासाभराने फोनवर बातमी वाचली आणि डब्यात कोणी बोललं नाही ठाण्यापर्यंत.

तेव्हापासून माझा एकच नियम. दारात उभं राहायची वेळ आली तर ती गाडी सोडायची. लेट मार्क लागू दे. तुम्ही तीन गाड्या सोडल्यात ना, ते बरोबर केलंत. लाजू नका.

जुना रूळ (मंगळवार, सकाळी ७:३०)

खिडकीपाशी ताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. रेल्वेत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त.

लोकांना वाटतं गाडी उशिरा येते म्हणजे मोटरमन झोपला. कल्याणला कर्जतची आणि कसाऱ्याची अशा दोन मार्गांची वाहतूक एकत्र येते. वरून मेल-एक्सप्रेस, मालगाड्या. एक गाडी दोन मिनिटं अडली की तिच्या मागची सगळी माळ अडते. त्यात दिव्याचं फाटक. ते उघडलं की रस्त्यावरच्या गाड्या निघतात आणि लोकल उभी राहते. म्हणजे पाहा, तुमची मोटार आणि तुमची लोकल एकमेकांना तिथेच अडवतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, मेल-एक्सप्रेसला वेगळी वाट मिळाली. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची, आता मुंब्य्रावरून जाते. जुन्या प्रवाशांना बोगद्याचा गार वारा अजून आठवतो. पण कुर्ल्याच्या पुढे मुंबईकडे अजून चारच रूळ आहेत. बाटलीचं तोंड तिथे आहे.

एक हिशेब सांगतो. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसं असतात. ती सगळी तुमच्यासारखी एकेकटी मोटारीत बसली तर साडेचार हजार मोटारी. एकामागे एक लावल्या, मोटारीला पाच मीटर धरले, तर साडेबावीस किलोमीटर. डोंबिवलीहून थेट मुलुंडच्या पुढे. आणि ही एका गाडीची गोष्ट, तशी दुसरी चार मिनिटांत मागून येतेच.

हाफ क्लच (मंगळवार, सकाळी १०:१०)

जुना रूळ, दंडवत. हिशेब मान्य. पण त्या साडेचार हजारांत मी उभा होतो तेव्हा माझ्या मणक्याचं काय झालं तेही सांगतो. L4-L5 सरकली. डॉक्टर म्हणाले गर्दीत वाकडं उभं राहायचं नाही. वाकडं उभं न राहता डोंबिवली-ठाणे कसं करायचं हे त्यांनी सांगितलं नाही.

मी ऐरोलीला असतो, पाळी दुपारची, सुटतो रात्री साडेअकराला. त्या वेळी ठाण्याला बदलून घरी जायचं तर पाऊण-एक वाजतो, गाडीने पस्तीस मिनिटं. गाडीच घेतली, तीही ऑटोमॅटिक. नाव हाफ क्लच राहिलंय जुन्या गाडीवरून. तेव्हा सरसकट "लोकलच" म्हणणाऱ्यांनी वेळ आणि दिशा बघावी. गर्दीच्या उलट जाणाऱ्याला रस्ता राजासारखा मिळतो.

उल्हास काठ (मंगळवार, दुपारी १:००)

डोंबिवलीकरांची गाऱ्हाणी ऐकून मौज वाटते. तुमच्याकडे निदान डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत. आम्ही बदलापूरहून बसून येतो तर तुम्ही म्हणता "आधीच भरून आली". अहो, आम्ही पण माणसंच आहोत, तासभर आधी उठलेली.

तिसरा डबा (मंगळवार, दुपारी १:२५)

उल्हास काठ, डोंबिवलीहून सुटणारी लोकल डोंबिवलीला रिकामी येते असं वाटतं का तुम्हाला? ठाण्याहून, कोपरहून लोक डाऊनलाच, म्हणजे मुंबईहून येणाऱ्या गाडीतच, बसून येतात आणि फलाटावर उतरतच नाहीत. गाडी लागते तेव्हा खिडक्या संपलेल्या असतात. मला अठरा वर्षांत खिडकी मिळाली ती ऐन गणपतीत, एकदा.

संपादक सूचना (मंगळवार, दुपारी १:४०)

बदलापूर विरुद्ध डोंबिवली वेगळ्या धाग्यावर. तो आधीच आहे, आणि तो वाहून गेलेला आहे.

मोरपिशी (मंगळवार, रात्री ८:५०)

एडिसन, न्यू जर्सीहून. इकडेही हीच चर्चा डोसा खाताना होते. बहुतेक जण स्टेशनपर्यंत गाडीने जातात, तिथे लावतात आणि पुढे ट्रेनने पेन स्टेशन. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या खालच्या भागात गर्दीच्या वेळी मोटार नेली तर नऊ डॉलर द्यावे लागतात, त्यामुळे गाडीने जायचं म्हणणारे आणखी गप्प झाले. तुम्ही डोंबिवली स्टेशनला गाडी लावून पुढे लोकल, असं का करत नाही?

काटई नाका (मंगळवार, रात्री ९:०५)

मोरपिशी ताई, डोंबिवली स्टेशनबाहेर गाडी लावायची म्हणजे आधी तिथे जागा शोधायची. पूर्वेला स्टेशनपासून फडके रोडपर्यंत माणसालाच उभं राहायला जागा नसते. तुमच्याकडे पार्क अँड राइड, आमच्याकडे पार्क अँड टोइंग.

अनुनासिक (मंगळवार, रात्री १०:३०)

कुर्ल्याला उतरून पश्चिमेला शेअर रिक्षाची रांग हाच या सगळ्यातला खरा नरक आहे आणि त्याबद्दल कोणीच बोललं नाही. डोंबिवली-कुर्ला फास्टने पाऊण तास, पण कुर्ला-बीकेसी चार किलोमीटरला कधी पंधरा मिनिटं, कधी पंचेचाळीस. पावसात तर रिक्षावाला "बीकेसी" ऐकलं की मान फिरवतो.

पर्याय आहे. घाटकोपरला उतरा, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. नकाशावर उलटं वाटतं, कारण तुम्ही वर जाऊन परत खाली येता. पण ७ ऑक्टोबर २०२४ ला मेट्रो ३ चा आरे-बीकेसी टप्पा सुरू झाल्यापासून मी हेच करतो. घाटकोपरच्या पुलावरची गर्दी सोडली तर पुढे सगळं एसी. वेळ जास्त लागतो, पण रोज तेवढाच लागतो.

आंबेमोहोर (बुधवार, सकाळी १०:२०)

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

अनुनासिक, "रोज तेवढाच लागतो" हे वाक्य डोक्यात बसलंय. मी आतापर्यंत किती वेळ लागतो एवढंच बघत होतो.

ठरवलंय की नुसती चर्चा न करता करून बघायचं. ऑफिसला सांगून पुढचे तीन आठवडे रोज जातो. वहीत वेळा लिहितो, इथे टाकतो.

पावशेर (बुधवार, सकाळी १०:२५)

पेट्रोलची पावतीही जपून ठेवा.

जुना रूळ (बुधवार, दुपारी ४:००)

आणि एक, वहीत फक्त सकाळ लिहू नका. संध्याकाळ लिहा. माणूस सकाळी ताजा असतो, त्याला काहीही चालतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी ठाण्यात ड्युटीवर होतो. लोक रुळांवरून चालत आले, रात्री दोनला, तीनला. तसा दिवस रोज येत नाही. पण परतीचा प्रवास ही निराळीच चीज असते, एवढंच.

आंबेमोहोर (तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १२:१०)

धागा वर काढतोय. वही समोर आहे. सगळं जसंच्या तसं.

पहिला आठवडा गाडीने, पावणेआठला निघून. सोमवारी एक तास पन्नास. मंगळवारी दोन तास पाच. बुधवारी शीळफाट्याच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता, अडीच तास. मी गाडीतून मीटिंग घेतली आणि मध्येच साहेबांना ऐकू गेलं असं मागच्या टेंपोवाल्याने मला काही सांगितलं. गुरुवारी कसा कोण जाणे एक तास पस्तीस. शुक्रवारी काटई नाक्यांचं ऐकून सहा वीसला निघालो, तर एक तास दहा मिनिटांत बीकेसी. साडेसातला पोहोचून इमारतीच्या सुरक्षारक्षकाबरोबर गप्पा मारल्या. पार्किंग आमच्याकडे वरच्या मंडळींनाच, मला बाहेर पे अँड पार्कमध्ये लावावी लागली.

परतीचं मात्र जुना रूळ काका म्हणाले तेच. संध्याकाळी साडेसहाला निघालो की दोन तासांच्या खाली एकदाही नाही. बुधवारी सकाळ-संध्याकाळ मिळून जवळपास पाच तास स्टेअरिंगवर. घरी आल्यावर मुलीने चित्र दाखवलं तर मी "हं" म्हणालो म्हणे. मला आठवत नाही.

दुसरा आठवडा लोकल, तीही आठच्या सुमाराची, सेकंड क्लास, मुद्दाम. घर ते ऑफिस एक तास पंचवीस ते एक तास चाळीस. एक दिवस ओव्हरहेड वायरचं काहीतरी झालं, दोन तास वीस. म्हणजे लोकलचा सगळ्यात वाईट दिवस हा गाडीच्या बुधवारपेक्षा बरा. पण शरीराचं तेल निघालं. बुधवारी शर्टाचं बटण गेलं, गुरुवारी डब्याची आमटी बॅगेत. मी चार गाड्या सोडल्या एका दिवशी, खिडकीपाशी ताईंचा नियम पाळून.

तिसऱ्या आठवड्यात फर्स्टचा पास काढला आणि साहेबांशी बोललो. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये स्वतःच्या मुख्यालयातल्या लोकांच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या होत्या, ती बातमीच त्यांना दाखवली. म्हटलं, रेल्वेला स्वतःच्या गर्दीची एवढी खात्री आहे तर आपण का नाही? ते हसले, पण साडेआठ ते साडेपाच मान्य केलं. आता सातच्या आतली डोंबिवली लोकल धरतो. जागा मिळत नाही, पण दोन्ही पाय खाली टेकतात. कुर्ल्याला उतरून चालत जाऊन पाहिलं, पाऊण तास लागतो, नको. त्या वेळी रिक्षाची रांग अजून लागलेली नसते, दहा मिनिटांत काम होतं. घर ते ऑफिस सगळा आठवडा एक तास पंधरा ते एक तास वीस. संध्याकाळी पावणेसहाची गर्दी असतेच, पण परतताना मी घाटकोपरपर्यंत अनुनासिकांच्या मेट्रोने येतो. लांबचा फेरा आहे. बसायला मिळतं.

गाडी विकणार नाही. आईला दर पंधरा दिवसांनी ठाण्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, शनिवारी. त्या दिवशी सकाळी दहाला साकेत पुलावर कोणी नसतं. निदान मागच्या शनिवारी नव्हतं.

पावशेर (शनिवार, दुपारी १२:३०)

पेट्रोलची पावती?

आंबेमोहोर (शनिवार, दुपारी १२:३४)

पहिल्या आठवड्याचे तीन हजार सातशे. पार्किंग वेगळं. बायकोला सांगितलेलं नाही.

हाफ क्लच (शनिवार, दुपारी १:१५)

साडेआठची वेळ मिळाली म्हणून जमलं. ज्याचा साहेब साडेनऊवरच अडून बसलाय त्याने काय करायचं? आमच्या इमारतीतले तिघे त्यावरून एका गाडीत जातात, आळीपाळीने चालवतात. बाकीचे दोघे मागे झोपतात. मला वाटतं तेही वाईट नाही, पण मग तिघांचं सुटण्याचं गणित जुळायला हवं. एकाची मीटिंग लांबली की तिघे पार्किंगमध्ये.

खिडकीपाशी (शनिवार, दुपारी २:५०)

आंबेमोहोर, सातच्या आतली म्हणजे कोणती? मधल्या फर्स्टला का शेवटच्या? कुर्ल्याला पश्चिमेचा पूल पकडायचा तर शेवटच्याने फार चालावं लागेल तुम्हाला.

आंबेमोहोर (शनिवार, दुपारी ३:०५)

मधला. पण तिथे एक ग्रुप आहे, पहिल्याच दिवशी मला विचारलं, "नवीन का?"

तिसरा डबा (शनिवार, दुपारी ३:१०)

काय सांगितलंत?

आंबेमोहोर (शनिवार, दुपारी ३:१२)

म्हटलं, नाही, बावीस वर्षांनी परत आलोय. मग एकाने बॅग वर ठेवून दिली.